मोटरघरातला बोर्ड झोपतो, पण भलत्यानेच उठतो (बीगलबोन ब्लॅक, सस्पेंड आणि वेकअप सोर्स)

बागवान_वरूड

नमस्कार मंडळी. वावरातल्या मोटरघरात बीगलबोन ब्लॅक (लिनक्सवर चालणारा छोटा कॉम्प्युटर बोर्ड) लावला आहे. विहिरीची पातळी नोंदवणं, आरएस-४८५ (मीटरशी बोलायची तारेची जोडणी) वरून मीटर वाचणं, आणि थ्री फेज लाईन आली की घरी मेसेज टाकणं, एवढं त्याचं काम. आमच्या फीडरला काही दिवस रात्रीची लाईन, काही दिवस दिवसाची. कागदावरची वेळ आणि खरी वेळ यांचं सूत जुळेलच असं नाही. आंबिया बहाराला पाणी सुरू असलं की बाबा अर्ध्या रात्री टॉर्च घेऊन निघतात, आणि धुऱ्यावर रानडुकरं असतात. म्हणून हा खटाटोप.

वीज १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीवर, वर ४० वॉटचं पॅनेल. उन्हाळ्यात बिनघोर चालतं. श्रावणात झड लागली की बॅटरी बसते. त्यामुळे बोर्डाला मधल्या वेळात झोपवायचं ठरवलं. सिस/पॉवर/स्टेट या फाईलमध्ये 'मेम' लिहिलं की झोपतो, आरटीसीवेक (बोर्डाच्या घड्याळाचा, म्हणजे आरटीसीचा, अलार्म लावणारी कमांड) लावला की ठरल्या वेळी उठतो. इथपर्यंत ठीक.

अडचणी अशा. मॉडेमवर (सिम८००) फोन केला तर बोर्ड उठत नाही. लाईन चालू असताना झोपवलं तर झोपतच नाही, गेला तसा परत येतो. आणि कधी कधी ना लाईन, ना फोन, तरी मध्यरात्री उठून बसलेला असतो.

जोडणी: मॉडेमची रिंग पिन पी९_१२ वर. लाईन ओळखायला पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या उजेडावर चालणारा, लाईनची बाजू बोर्डापासून वेगळी ठेवणारा स्विच), त्याचं आउटपुट पी८_१४ वर. दोन्ही डिव्हाइस ट्रीमध्ये (काय कुठे जोडलंय ते लिनक्सच्या गाभ्याला, म्हणजे कर्नलला, सांगणारी फाईल) जीपीआयओ-कीजखाली (पिनेला बटण समजणारा ड्रायव्हर), दोन्हींना वेकअप-सोर्स लिहिलेलं आहे. मॉडेम युआर्ट१ (सिरियल पोर्ट) वर, आरएस-४८५ युआर्ट४ वर.

नदीकाठचा

एवढ्याशा कामाला लिनक्स काहून पाहिजे भाऊ? ईएसपी३२ (छोटा मायक्रोकंट्रोलर) घ्या. डीप स्लीपमध्ये चिप १० मायक्रोअँपिअरच्या आसपास खाते, टायमरवर उठते, पिनवर उठते, उठल्यावर कशाने उठली तेही एका फंक्शनमध्ये सांगते. तुमच्या बोर्डाला नुसतं जागं राहायला २१० ते ४६० मिलिअँपिअर लागतात, ५ व्होल्टवर. ३०० धरले तरी दीड वॉट, कन्व्हर्टरचा तोटा धरून पावणेदोनच्या वर. बॅटरी ८४ वॉट-तासांची, त्यातली अर्धीच वापरायची, कारण लेड-अ‍ॅसिड आहे. म्हणजे ऊन नसेल तर जेमतेम एक दिवस. हिशेबच जुळत नाही.

बागवान_वरूड

हिशेब कबूल आहे दादा. पण मीटरचा मॉडबस (मीटर वाचायची भाषा), जुन्या नोंदींचा डेटाबेस, बाबांच्या मोबाईलवर दिसणारं पान, हे सगळं पायथॉनमध्ये लिहून झालेलं आहे आणि चालतं आहे. बोर्डही कॉलेजच्या प्रोजेक्टपासून घरातच पडून होता. आधी हाच झोपतो का ते पाहू द्या.

कर्नल_काका

बागवान, या तीन तक्रारींना तीन वेगळी कारणं असणार, एकात एक कालवू नकोस. मी पहिलीचं सांगतो.

पी९_१२ म्हणजे जीपीआयओ१_२८. बोर्डावरच्या एएम३३५एक्स चिपमध्ये जीपीआयओचे (साध्या इनपुट-आउटपुट पिनांचे) चार गट आहेत, ० ते ३. यातला फक्त ० गट वेकअप डोमेनमध्ये (झोपेतही वीज मिळणाऱ्या भागात) आहे. १, २, ३ हे पेरिफेरल डोमेनमध्ये. बोर्ड गाढ झोपेत जातो तेव्हा मुख्य प्रोसेसर आणि पेरिफेरल डोमेन, दोघांचीही वीज तोडली जाते. जागा राहतो तो वेकअप डोमेनमधला छोटा कॉर्टेक्स-एम३, आणि त्याला ० गटाच्याच पिना दिसतात. त्याशिवाय आरटीसीचा अलार्म, युआर्ट०, आय२सी०, टचस्क्रीनचा एडीसी, एक टायमर, अशा मोजक्या गोष्टी. डिव्हाइस ट्रीत वेकअप-सोर्स लिहिणं म्हणजे कर्नलला दरवाजा उघडा ठेवायला सांगणं. त्या भिंतीला दरवाजाच नसेल तर सांगून उपयोग काय. कर्नल तक्रारही करत नाही, कारण त्याच्या लेखी पिन जीपीआयओच आहे आणि इंटरप्टही आहे.

तुझी लाईनची पिन, पी८_१४, ही जीपीआयओ०_२६. म्हणून ती उठवते आणि रिंगची उठवत नाही. रिंग पी८_१७ वर ने, ती जीपीआयओ०_२७. पी९_११ आणि पी९_१३ सुद्धा ० गटातच आहेत, पण त्या युआर्ट४ च्या, म्हणजे तुझ्या आरएस-४८५ ने अडवलेल्या. डिव्हाइस ट्रीत पिनमक्स (कोणती पिन कोणत्या कामाला ते) बदलायला विसरू नकोस. आणि बोर्डाच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, ५ व्होल्ट दाखवलेस तर चिप जाईल.

आणखी एक तपास. सिस/पॉवर/मेम_स्लीप ही फाईल उघड. चौकटी कंस कशाभोवती आहे ते पाहा, डीप की एस२आयडल. एस२आयडल असेल तर मशीन फक्त रिकामं बसतं, डोमेन बंद होत नाहीत आणि बॅटरीची फारशी बचत होत नाही. कॉर्टेक्स-एम३ चं फर्मवेअर फर्मवेअर फोल्डरमध्ये सापडलं नाही तर डीप मिळत नाही. जुनी इमेज घेतलेल्यांची इथेच अडते.

सोल्डरताई

काकांनी पिनेचं सांगितलं, मी मध्यरात्री उठण्याचं विचारते. उठल्या उठल्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) काय आलं? एएम३३५एक्सवर कॉर्टेक्स-एम३ स्वतः सांगतो कोणी उठवलं. 'पीएम: वेकअप सोर्स' अशी ओळ शोध. दुसऱ्या बोर्डांवर ही सोय नसते, तिथे सिस/पॉवर/पीएम_वेकअप_आयआरक्यू वाचायची, आकडा मिळतो, तो प्रॉक/इंटरप्ट्समध्ये जुळवून पाहायचा.

आणि डीबगएफएसमध्ये (कर्नलच्या तपासणीच्या फायलींत) वेकअप_सोर्सेस नावाचा तक्ता आहे. प्रत्येक सोर्ससमोर किती वेळा जागा झाला, त्यातून खरोखर झोप मोडली किती वेळा, झोपेला आडवा किती वेळ आला, सगळं लिहिलेलं असतं. झोपवण्याआधी एकदा आणि उठल्यावर एकदा साठवून ठेव, दोन्हींतला फरक पाहिला की गुन्हेगार सापडतो. अंदाजाने तारा उपटत बसू नकोस.

बागवान_वरूड

धन्यवाद काका, ताई. मेम_स्लीपमध्ये डीपच आहे. रिंगची तार पी८_१७ वर नेली, फोन केला, बोर्ड उठला!

मध्यरात्रीच्या उठण्यांच्या वेळी डीमेसेजमध्ये प्रत्येक वेळी एकच ओळ आहे: पीएम: वेकअप सोर्स युआर्ट. पण युआर्टवर तर मी काहीच वेकअप लावलेलं नाही. मॉडेमच्या युआर्ट१ चं असेल का?

सोल्डरताई

युआर्ट१ पेरिफेरल डोमेनमध्ये आहे, तो उठवूच शकत नाही. हा युआर्ट०, म्हणजे डीबग कन्सोल. त्या सहा पिनांच्या कनेक्टरला अजून तार लावलेली आहे का?

बागवान_वरूड

आहे. लॅपटॉप जोडायला सोपं जावं म्हणून हातभर लांबीची तार पेटीबाहेर काढून ठेवली आहे. दुसरं टोक मोकळं.

मोटरवाइंडर_आर्वी

आता सापडलं नं! राजेहो, मोटरघरात स्टार्टर हाये, कॉन्टॅक्टर पडते-उठते, तं ठिणगी उडतेच. बाजूच्या वावरातली मोटर लागली तरी त्याच खांबावरून झटका येते. अन् तुमी हातभर एरियल लावून ठेवलं बोर्डाच्या कानाले. तार काढा पयले.

अन् ऑप्टोचं मले सांगा. आउटपुटले कॅपॅसिटर हाये का नाही?

बागवान_वरूड

नाही. १० किलोओहमचा पुल-अप (पिन वर धरून ठेवणारा रेझिस्टर) आहे फक्त.

मोटरवाइंडर_आर्वी

मंग झोपन कसा थो? पीसी८१७ मंधात एकच एलईडी असते, थो अर्ध्या लहरीलेच पेटते. लाईन ५० हर्ट्झची, म्हंजे तुमची पिन सेकंदाले ५० वेळा खाली-वर होऊन राहिली. बोर्ड झोपाले डोळा लावते का २० मिलिसेकंदात कोणी तरी खांदा हलवते. दुसरी तक्रार इथंच मिटली पाहा.

आउटपुटवर १० मायक्रोफॅरड टाका. १० किलोओहम गुणिले १० मायक्रोफॅरड म्हंजे १०० मिलिसेकंद. लाईन हाये तोवर पिन खाली धरून ठेवते, लाईन गेली का हळूच वर येते. ढवळाढवळ बंद.

इनपुटच्या बाजूनं काय लावलं थेही सांगा, कारण तठी २३० व्होल्ट हाये, चेष्टा नाही. मी ४७ किलोओहमचे एक वॉटचे दोन रेझिस्टर एकामागं एक लावतो. एकच लावला अन् थो फुटला तं सगळं वोल्टेज ऑप्टोवर जाते, म्हणून दोन. एलईडीच्या उलट्या दिशेनं १एन४००७ डायोड लागतेच, नाही तं उलट्या अर्ध्या लहरीत एलईडी मरते, तिले उलटं सहा व्होल्टच सोसते. बोर्डाची बाजू अन् लाईनची बाजू यांच्यात पीसीबीवर जागा सोडा, ऑप्टोखालून ट्रॅक नेऊ नका. पेटीत पाली शिरतात, दोन टोकांवर पाय ठेवून बसल्या का झाला भडका.

नदीकाठचा

पालींवर तर वेगळा धागा निघाला पाहिजे. माझ्या दोन पेट्या त्यांनीच नेल्या.

कर्नल_काका

मोटरवाइंडर भाऊ, पोस्ट एक नंबर. कर्नलच्या मंडळींना हे सुचलं नसतं.

बागवान, युआर्टचं उत्तर दोन्हीकडून कर. तार काढ, आणि युआर्ट० च्या सिसएफएस फोल्डरमध्ये पॉवर/वेकअप नावाची फाईल असते तिच्यात 'डिसेबल्ड' लिही. कर्नलच्या आवृत्तीप्रमाणे फोल्डरची जागा थोडी बदलते, शोधावं लागेल. ती फाईल बूट झाल्यावर मूळ पदावर येते, म्हणून सिस्टिमडीची छोटी सर्व्हिस किंवा यूडेव्हचा नियम करून ठेव. कुठल्याही बोर्डावर हीच सवय लावून घ्यावी असं माझं मत आहे: बूट झाल्यावर सगळ्या उपकरणांच्या पॉवर/वेकअप फायली चाळायच्या, जे हवं तेवढंच एनेबल्ड ठेवायचं, बाकीचं बंद. ती फाईल रिकामी दिसली तर ते उपकरण उठवूच शकत नाही.

आता लाईनचं पुढे. कॅपॅसिटर लावलास तरी जीपीआयओ-कीज दोन्ही कडांवर इंटरप्ट घेतो, लाईन येताना आणि जाताना. तुला जातानाही उठायचं आहे का? नसेल तर डिव्हाइस ट्रीत वेकअप-इव्हेंट-अ‍ॅक्शन नावाची प्रॉपर्टी आहे, तिने फक्त एक कड निवडता येते. मी तुझ्या जागी असतो तर दोन्ही ठेवल्या असत्या. लाईन कधी गेली हे कळणंही तुमच्याकडे तितकंच कामाचं.

मोटरवाइंडर_आर्वी

काका, एका फेजवर ऑप्टो लावून उपयोग नाही ना पण. आमच्याकडं कित्येकदा एकच फेज येते, घरातले दिवे लागते, मोटर चालत नाही. पोट्टा एका फेजवर उठन, बापाले मेसेज टाकन, बाप वावरात जाऊन पाहीन तं काहीच नाही. शिव्या कोणाले?

तिन्ही फेजले एकएक ऑप्टो पाहिजे. अन् इथं एक गंमत हाये. काही जण तिन्ही ऑप्टोचे ट्रान्झिस्टर एकामागं एक जोडते, म्हणते तिन्ही असले तरच पिन खाली येईन. येतच नाही! फेज १२० अंशानं मागंपुढं असते, एकएक ऑप्टो १८० अंश पेटते. कागदावर मांडा: पयला ० ते १८०, दुसरा १२० ते ३००, तिसरा २४० ते पुढच्या ६०. दोनदोन एकत्र सापडते, तिन्ही एकत्र कधीच नाही. एका गड्यानं असंच जोडलं अन् तिन्ही ऑप्टो बाद म्हणून फेकून दिले व्हते.

म्हणून प्रत्येकाले आपापला पुल-अप अन् आपापला कॅपॅसिटर द्या, मंग तिघांच्या आउटपुटवरून तीन डायोड एका पिनीवर आणा, तठी पुल-डाउन ठेवा. एक जरी फेज नसन तं पिन वर, तिन्ही असल्या तरच खाली. झालं.

सोल्डरताई

हे चित्र काढून टाका ना भाऊ, माझ्या पोरांना वर्गात दाखवीन.

कर्नल_काका

खरंच टाका.

एक मुद्दा राहिला, तो कमी लोकांना ठाऊक असतो पण रात्री बरोबर याच फटीत घोळ होतो. बागवान, तुझी स्क्रिप्ट काम संपवते, मग स्टेट फाईलमध्ये मेम लिहिते. या दोन क्षणांच्या मधोमध लाईन आली तर? इंटरप्ट आला, कर्नलने घेतला, पण तुझ्या स्क्रिप्टने तो वाचला नाही आणि बोर्ड झोपला. आता लाईन आलेलीच आहे, नवी कड येणार नाही. बोर्ड पुढच्या टायमरपर्यंत झोपून राहील आणि बाबांना मेसेज जाणार नाही.

यावर सिस/पॉवर/वेकअप_काउंट आहे. झोपण्याआधी त्यातला आकडा वाच. मग लाईन, मॉडेम, सगळं एकदा तपास. काही नसेल तर तोच आकडा त्याच फाईलमध्ये परत लिही. मधल्या काळात कुठलाही वेकअप झाला असेल तर आकडा बदललेला असतो आणि लिहिणं नाकारलं जातं. मग झोपायचं नाही, पुन्हा सुरुवातीपासून. लिहिलं गेलं तरच मेम. त्यानंतर झोपेच्या वाटेवर काही आलं तर कर्नल स्वतःच झोप रद्द करतो. ही सोय २०१० साली २.६.३६ कर्नलमध्ये राफाएल विसोत्स्की यांनी आणली. तेव्हा अँड्रॉइडच्या वेकलॉकवरून (झोप अडवून धरण्याची त्यांची सोय) कर्नलच्या मेलिंग यादीवर मोठी जुंपली होती, त्या भांडणाचं हे एक फळ. पुढे ३.५ मध्ये ऑटोस्लीप (काम नसलं की आपोआप झोपणं) आलं. पण एका स्क्रिप्टच्या कामाला वेकअप_काउंट पुरे.

बागवान_वरूड

काका, हे मी कुठल्याच व्हिडिओत पाहिलं नव्हतं. असं झालेलं असणारच, कारण लाईन आली आणि मेसेज बराच उशिरा आला असं बाबा सांगायचे, मी नेटवर्कवर ढकलायचो.

एसएमएसचं विचारतो. फोन केला की उठतो, एसएमएस टाकला तर उठतो पण स्क्रिप्टला कळत नाही कशाने उठला. जीपीआयओ-कीजचा इव्हेंट कधी येतो, कधी नाही.

सोल्डरताई

एसएमएस आला की सिम८०० रिंग पिन १२० मिलिसेकंदच खाली ओढतो. फोनला मात्र पिन खालीच राहते. बोर्ड पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत ते १२० मिलिसेकंद सरून गेलेले असू शकतात, मग ड्रायव्हर पिन वाचतो तर ती वर. म्हणून त्या इव्हेंटवर विसंबू नकोस. उठलास की कारण काहीही असो, मॉडेमला न वाचलेले मेसेज विचार, लाईनची पिन वाच, मग ठरव. मॉडेमने झोपेत युआर्टवर पाठवलेली सूचना तर वाया गेलेलीच असते, तिची वाट पाहू नकोस.

मॉडेमला स्वतःची वीज दे, ३.४ ते ४.४ व्होल्ट, आणि जवळ मोठा कॅपॅसिटर. २जीवर पाठवताना तो क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. बोर्डाच्या रुळावरून घेतलास तर बोर्ड उठायच्या ऐवजी रीसेट होईल आणि तुला वाटेल सस्पेंड बिघडलं. सिम कोणतं आहे? जिओकडे २जी नाही, सिम८०० ला ते चालत नाही.

बागवान_वरूड

बीएसएनएलचं. वावरात त्याचाच टॉवर दिसतो.

नदीकाठचा

चला, मानलं. पण माझा मूळ मुद्दा मी सोडत नाही. झोपल्यावरही मेमरीला ताजं ठेवणं, इथरनेटची चिप, पॉवरची एलईडी, हे सगळं खातच राहणार. ईएसपी३२ ने जागल्या व्हावं, लिनक्सला गरज पडली तरच मॉसफेटने (इलेक्ट्रॉनिक स्विचने) वीज द्यावी. रास्पबेरी पाय ४ वाल्यांना तर सस्पेंड-टू-रॅम मिळतच नाही, त्यांना हाच मार्ग. पाय ५ ला निदान आरटीसी आहे, ईईप्रॉममध्ये पॉवर_ऑफ_ऑन_हॉल्ट १ आणि वेक_ऑन_जीपीआयओ ० केलं की बंद अवस्थेत ३ मिलिअँपिअरच्या आसपास खातो आणि अलार्मवर उठतो. उठतो म्हणजे पूर्ण बूट होतो.

कर्नल_काका

मॉसफेटने वीज तोडायची तर लिनक्स आधी व्यवस्थित बंद झाला पाहिजे, नाहीतर ईएमएमसीवरची (बोर्डावरच्या साठवणीतली) फाईल सिस्टिम एक दिवस रडवते. दोघांत हात मिळवण्याची तार ठेवावी लागते. होतं, पण ते नवं काम आहे. बागवानच्या बॅटरीला सध्या तरी झोप पुरेल असं वाटतं. इथरनेटची तार लागत नसेल तर ती चिप बंद ठेव, तेवढीच बचत.

बोडीवाला_गोंदिया

मधेच घुसतो. आमच्या गावच्या बोडीवर (छोट्या तळ्यावर) पाण्याची पातळी मोजायला असाच बोर्ड लावतोय, नुसता टायमरवर उठणारा. डीएस३२३१ चं मॉड्यूल (स्वतःच्या सेलवर चालणारं वेगळं घड्याळ) जोडलं कारण बीगलबोनचं स्वतःचं घड्याळ वीज गेली की शून्यावर जातं. आता आरटीसीवेक म्हणतो की आरटीसी० वेकअपसाठी एनेबल नाही. आधी चालत होतं.

सोल्डरताई

डीएस३२३१ आता आरटीसी० झालाय आणि चिपमधलं घड्याळ आरटीसी१. डीएस३२३१ ची इंटरप्ट पिन तुम्ही कुठेही जोडलेली नसणार. सोपा उपाय: आरटीसीवेकला 'डी' पर्यायाने आरटीसी१ सांगा. वेळ डीएस३२३१ कडून घ्या, अलार्म चिपमधल्या घड्याळावर लावा. वेकअलार्म फाईलमध्ये थेट सेकंद लिहित असाल तर आधी ० लिहून जुना अलार्म पुसा, नाहीतर 'डिव्हाइस बिझी' म्हणून परत येतं.

डीएस३२३१ नेच उठवायचं असेल तर त्याची इंटरप्ट पिन ओपन-ड्रेन आहे (फक्त खाली ओढते, वर नेत नाही), पुल-अप लागेल, आणि ती ० गटातल्या पिनेवर आणावी लागेल. अलार्म वाजला की ती पिन फ्लॅग पुसेपर्यंत खालीच राहते, म्हणून ड्रायव्हरला त्या इंटरप्टची माहिती द्या.

ते निळं मॉड्यूल असेल तर त्यातली बॅटरी पाहा. त्यावर चार्जिंगचं सर्किट असतं, डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर. तुम्ही साधी सीआर२०३२ टाकली असेल आणि ५ व्होल्ट देत असाल तर चार्ज न होणारा सेल चार्ज होतोय. तो रेझिस्टर काढा. शिवाय ५ व्होल्टवर त्याचे आय२सी पुल-अप बोर्डाला ५ व्होल्ट दाखवतील, तेव्हा ३.३ वरच चालवा.

बोडीवाला_गोंदिया

आरटीसी१ सांगितलं, झालं. सेल सीआरच होता, आणि वीज ५ व्होल्टची. आजच रेझिस्टर काढतो.

बागवान_वरूड

अपडेट. तीन ऑप्टो, तीन कॅपॅसिटर, तीन डायोड, मोटरवाइंडर भाऊंनी सांगितलं तसंच. कन्सोलची तार काढली, युआर्ट० चं वेकअप बंद केलं. स्क्रिप्टमध्ये वेकअप_काउंट टाकला. मोटरघरात बसवण्याआधी घरी पीएम_टेस्टमध्ये 'डिव्हाइसेस' लिहून पाहिलं, पाच सेकंद झोपेचं सोंग करून बोर्ड परत येतो, ड्रायव्हर अडतो का ते कळतं. अडला नाही.

लाईन चालू असताना आता झोपतो. काल मधेच एक फेज गेली, मोटर बंद पडली, बोर्ड उठला आणि मेसेज आला. बाबा म्हणाले, मोटर जळायच्या आधी पहिल्यांदाच कळलं.

एकच विचारायचं. तिन्ही फेज आहेत पण व्होल्टेज पार पडलेलं असेल तर ऑप्टो ओळखेल का?

मोटरवाइंडर_आर्वी

नाही ओळखत. १५० व्होल्टवरही थो पेटतेच. त्यासाठी उठल्यावर तुमच्या मीटरचं मॉडबस वाचा, तठी तिन्ही फेजचं वोल्टेज लिहूनच असते. पिनीनं फक्त उठवावं, मोजाचं काम मीटरचं. अन् कमी दिसलं तं बापाले मेसेजमंधात आकडाच टाका, मोटर लावाची का नाही थे त्याले समजते.